मालवण-गोकर्ण कमी पैशात करायचंय, फोनमध्ये नेमकी कुठली अ‍ॅप ठेवू?

ऐरोली_सेक्टर८

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत मी, आई आणि मावशी अशा तिघी जणी फिरायला चाललोय. आधी मालवण, दोन-तीन दिवस तिथे राहून मग गोव्यात न थांबता थेट गोकर्ण, आणि परत. साधारण आठवडाभर. आई ६६ची, मावशी ६३ची, दोघी चालायला एकदम खणखणीत आहेत पण रात्री-अपरात्री कुठेतरी उभं राहायला लागलं की आईचं बीपी वर जातं, म्हणून सगळं आधी ठरवून निघायचंय. बजेट टाइट आहे, तिघींचं सगळं मिळून पंचवीस हजाराच्या आत बसवायचंय, त्यात थोडे हाताशी उरले तर मालवणात मासे दोन वेळा जास्त खाता येतील :)

आता प्रश्न असा की नेटवर शोधलं तर "बजेट ट्रॅव्हलसाठी बेस्ट अ‍ॅप" म्हणून जे काय येतं ते सगळं विमानाची स्वस्त तिकिटं, युरोपातली हॉस्टेलं, असलंच. आपल्याला ठाण्याहून कुडाळला (मालवणसाठी उतरायचं स्टेशन) जायचंय हो. माझा फोन जुना आहे, ३२ जीबीचा, त्यात फोटोंनी निम्मा भरलाय, त्यामुळे दहा-पंधरा अ‍ॅप टाकणं शक्यच नाही. जी खरोखर वापरली जातात आणि ज्यांच्यामुळे खरंच पैसे वाचतात अशी पाच-सहा सांगा. आणि कोकणात नेटवर्क गेलं तर काय करायचं तेही सांगा कारण ती मोठी भीती आहे.

कळवा_स्लो

रेल्वेपासून सुरुवात करतो. आता वेगवेगळी अ‍ॅप ठेवायची गरज नाही, रेलवन टाक. क्रिस म्हणजे रेल्वेच्याच आयटी संस्थेने बनवलंय, जुलै २०२५ला आलं, त्यात रिझर्वेशन, जनरल तिकीट, प्लॅटफॉर्म तिकीट, पीएनआर, गाडी कुठे आहे, तक्रार सगळं एकात. आयआरसीटीसीचं (रिझर्वेशनचं) किंवा यूटीएसचं (जनरल तिकिटाचं) जुनं लॉगिन असेल तर तेच चालतं. आर-वॉलेटमधून, म्हणजे त्यात आधी पैसे भरून ठेवायच्या पाकिटातून, जनरल तिकीट काढलं तर ३ टक्के सूट मिळते, रक्कम छोटी आहे पण लोकलचं तिकीटही त्यातच निघतं त्यामुळे वर्षभर उपयोग होतो.

दोन गोष्टी लक्षात ठेव. मोबाइलवरचं जनरल तिकीट अ‍ॅपमध्येच उघडून दाखवायचं असतं, स्क्रीनशॉट टीसी मान्य करत नाही. म्हणजे फोनची बॅटरी मेली की तिकीट असूनही विनातिकीट. आणि फलाटावर उभं राहून पेपरलेस तिकीट निघत नाही, रुळापासून लांब असतानाच काढायचं, नाहीतर स्टेशनात क्यूआर लावलेला असतो तो स्कॅन करायचा. पेपरलेस तिकीट रद्दही होत नाही, म्हणून जायचं नक्की झाल्यावरच काढ.

रिझर्वेशन ६० दिवस आधी सकाळी ८ला उघडतं. पूर्वी १२० दिवस होतं, नोव्हेंबर २०२४पासून ६० केलंय, हे अजून बऱ्याच जणांना माहीत नाही. आणि आयआरसीटीसी खात्याला आधार जोडून ठेव आत्ताच, आजच. बुकिंग उघडतं त्या सुरुवातीच्या वेळात आधार जोडलेल्या खात्यांनाच तिकीट काढता येतं, तत्काळला तर जुलै २०२५पासून त्याशिवाय होतच नाही. कोकणाच्या गाड्यांचं तुला माहितीच आहे, सुरुवातीचा वेळ हुकला की वेटिंग.

खोपट_स्टँड

वरचं सगळं बरोबर. मी जरा वेगळ्या बाजूने सांगतो, थोडं लांब होईल.

बजेट प्रवासात अ‍ॅपने पैसे वाचतात ते कूपन, कॅशबॅक, अमुक टक्के सूट यातून नाही. त्यातून शंभर-दोनशे सुटतात. खरे पैसे जातात ते घाबरून. रात्री साडेबाराला स्टेशनला उतरलो, पुढे काय आहे माहीत नाही, समोर एकच रिक्षा उभी आहे, तो म्हणेल ते द्यायचं. गाडी चुकली, पुढची कुठली माहीत नाही, प्रायव्हेट गाडी करायची. लॉज भरलेलं, अंधार पडला, मिळेल ते दुप्पट भावात घ्यायचं. एका फेरीत हजार-दोन हजार असेच जातात आणि घरी येऊन हिशोब केला तर लक्षातही येत नाही कुठे गेले. म्हणून मी अ‍ॅप निवडताना एकच बघतो, की पुढच्या दोन तासांत काय होणार आहे हे मला ते सांगतं का. सांगत असेल तर फोनमध्ये राहील, नाहीतर जागा अडवायला नको.

त्या हिशोबाने सगळ्यात वरती व्हेअर इज माय ट्रेन. बंगळुरूच्या मुलांनी बनवलेलं, २०१८मध्ये गुगलने विकत घेतलं. टाइमटेबल फोनमध्येच साठवलेलं असतं त्यामुळे नेट नसलं तरी गाडी शोधता येते, आणि गाडीत बसल्यावर इंटरनेट, जीपीएस दोन्ही बंद असलं तरी मोबाइलच्या टॉवरवरून ते कुठे आहोत ते सांगतं. कोकण रेल्वेवर हे सोन्यासारखं आहे. बोगद्यात अडकतं, करबुड्याचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे, पण बाहेर पडलं की परत धरतं. त्यात स्टेशन यायच्या आधी अलार्म लावता येतो, तो आईच्या आणि मावशीच्या दोघींच्या फोनवर लावून ठेव. डबा कुठे येणार तेही दिसतं, कुडाळसारख्या स्टेशनवर गाडी फार थांबत नाही, सामान घेऊन फलाटभर धावायला नको.

आता गाडी कुठली. तुझ्या आईचं ऐकून मी रात्रीची गाडी सांगणार नाही. पण घेतलीच तर तारखेचा घोळ बघ. तुतारी दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. म्हणजे तुला शुक्रवारी रात्री घरून निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं लागतं. कोकणकन्या सीएसएमटीहून रात्री ११ नंतर सुटते आणि पनवेलला येईपर्यंत तारीख बदललेली असते. शुक्रवारच्या तारखेचं तुतारीचं तिकीट घेऊन लोक शुक्रवारी रात्री येतात आणि गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. अ‍ॅपमध्ये गाडी निवडल्यावर बोर्डिंग स्टेशनसमोर तारीख आणि वेळ लिहिलेली असते, पैसे भरायच्या आधी ती ओळ दोनदा वाच.

तुमच्यासाठी मांडवी चांगली, सकाळी सात-साडेसातच्या सुमाराला निघते, ठाण्यालाही थांबते पनवेललाही, दिवसाउजेडी कुडाळला उतरवते. खायला गाडीतच बरं मिळतं. जनशताब्दीत सेकंड सिटिंग असतं, ते स्लीपरपेक्षाही स्वस्त पडतं, पण ती पहाटेची आहे आणि ऐरोलीहून त्या वेळेला ठाणे गाठायचं म्हणजे परत रिक्षा.

वेटिंगचं एक. कुडाळपर्यंतचं तिकीट काढलं की बऱ्याचदा पीक्यूडब्ल्यूएल किंवा आरएलडब्ल्यूएल असं वेटिंग येतं, म्हणजे मधल्या स्टेशनांच्या छोट्या कोट्यातलं, ते हलत नाही फारसं. तीच गाडी जिथे संपते तिथपर्यंतचं बघ, म्हणजे तुतारीला सावंतवाडी, मांडवीला मडगाव, तिथे जनरल कोटा लागतो आणि वेटिंग असलं तरी जीएनडब्ल्यूएल, ते सुटायची शक्यता जास्त. भाडं थोडं जास्त जातं, उतरायचं कुडाळलाच. तिघींच्या झोपायच्या जागेसाठी तेवढं देण्यासारखं आहे. पूर्ण वेटिंगचं ऑनलाइन तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात, ते घेऊन गाडीत चढायचं नाही.

आणि शेवटचं, आई आणि मावशीचं तिकीट वेगळं काढ. बुकिंग करताना कोट्यात लोअर बर्थ किंवा सीनियर सिटिझन असा पर्याय असतो, बायकांना ४५ वर्षांपासून लागू आहे पण एका तिकिटावर एक किंवा दोघीच आणि दोघी त्या वयातल्या हव्यात. तू त्यात घुसलीस की कोटा लागत नाही. तुझं रिझर्वेशन जनरल कोट्यात काढ, डबा वेगळा आला तर आला, टीसीला सांगून बघायचं. ज्येष्ठांची तिकिटातली सवलत मात्र मार्च २०२०मध्ये बंद झाली ती तशीच, त्यामुळे त्या आशेने हिशोब करू नकोस.

ऐरोली_सेक्टर८

बापरे, तुतारीचं मी खरंच तसंच करणार होते, शुक्रवार टाकलेला. खूप खूप धन्यवाद दादा. लोअर बर्थचं आईला वाचून दाखवलं, ती म्हणते मग मी आणि मावशीच जातो तू राहा घरी :)

एसटीबद्दल सांगाल का कोणी? कुडाळ-मालवण एसटीनेच जायचंय.

जुईनगर_पूर्व

एसटीचं मी सांगते, माझं माहेर कणकवलीकडचं.

तुम्हा तिघींना अर्धं तिकीट. मार्च २०२३पासून सगळ्या बायकांना एसटीत ५० टक्के सवलत आहे, साध्या गाडीपासून शिवनेरीपर्यंत. ऑनलाइन बुक केलं तरी मिळते, फक्त प्रवाशाची माहिती भरताना महिला किंवा ज्येष्ठ जे असेल ते नीट निवडायचं. ७५ पूर्ण झालेल्यांना फुकट आहे, तुमच्याकडे कोणी त्यात बसत नाही. पण ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच, पुढे गोव्यात पूर्ण भाडं. आणि कर्नाटकात बायकांना बस फुकट आहे असं ऐकून जाऊ नका, ती शक्ती योजना तिथल्या रहिवासी बायकांसाठी आहे, आपलं आधार दाखवून उपयोग नाही.

एसटीचं रिझर्वेशनचं अ‍ॅप आहे, पण ते लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी. कुडाळ-मालवण असल्या गाड्यांना रिझर्वेशन लागत नाही, स्टँडवर जाऊन बसायचं. त्यासाठी अ‍ॅप टाकून जागा घालवू नका, जाताना-येताना एसटीनेच लांबचा प्रवास करणार असाल तर वेबसाइटवरून काढा. कोकण रेल्वेची स्टेशनं गावापासून लांब असतात हे लक्षात ठेवा, कुडाळलाही स्टेशनवरून स्टँडला जायला लागतं, तिथे तिघींची एक रिक्षा परवडते.

संध्याकाळच्या शेवटच्या गाडीची वेळ कुठल्याही अ‍ॅपवर विसंबून ठरवू नका. आल्या आल्या मालवण स्टँडवर चौकशीच्या खिडकीत विचारायचं आणि बोर्डाचा फोटो काढून ठेवायचा. हे माझं ठाम मत आहे. खेड्यातल्या फेऱ्या शाळेच्या वेळेवर, बाजाराच्या दिवसावर बदलतात आणि ते कोणी अ‍ॅपमध्ये भरत बसत नाही.

पाचपाखाडी_पेन्शनर

जुईनगरच्या ताईंनी छान सांगितलं. मी प्रायव्हेट बसबद्दल एक जोडतो, कारण रेल्वेचं तिकीट नाही मिळालं की सगळे रेडबस किंवा अभिबस उघडतात. तिथे सुट्ट्यांमध्ये, होळीला, गणपतीत भाडं कुठल्या कुठे जातं. राज्य सरकारने एप्रिल २०१८मध्ये ठरवून दिलंय की खासगी कंत्राटी बसला एसटीच्या त्याच प्रकारच्या बसच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. म्हणून आधी एसटीचं भाडं बघायचं, त्याची दीडपट काढायची, त्याच्या वर कोणी मागत असेल तर तिकिटाचा पुरावा ठेवून आरटीओकडे तक्रार करता येते. प्रत्येक जण करेल असं नाही, पण आकडा माहीत असला की निदान कुठली बस सोडायची हे कळतं.

आता पैशांबद्दल, हा माझा विषय, बँकेत आयुष्य गेलं.

प्रवासात सगळा खर्च मुख्य खात्यातून यूपीआयने करू नका. यूपीआय लाइट चालू करा, कुठलंही नवीन अ‍ॅप लागत नाही, जे यूपीआय अ‍ॅप आहे त्यातच असतं. एका वेळी १००० रुपयांपर्यंत पिन न टाकता जातात आणि लाइटमध्ये जास्तीत जास्त ५००० राहतात. रोज सकाळी त्या दिवसाचे पैसे, समजा दीड हजार, त्यात टाकायचे आणि दिवसभर चहा, रिक्षा, जेवण त्यातूनच. संध्याकाळी काय उरलं ते लगेच दिसतं, वेगळा हिशोब लिहायला नको आणि बँकेच्या पासबुकात पन्नास ओळी येत नाहीत. फोन चोरीला गेला तरी धोका तेवढ्याच रकमेचा. मला बजेट सांभाळायचं याहून सोपं साधन माहीत नाही.

तरी रोख ठेवाच. किनाऱ्याकडे, होडीवाल्यांकडे, छोट्या खानावळीत नेटवर्क नसलं की यूपीआय अडतं. तिघींकडे वाटून ठेवा, एका पर्समध्ये नको.

आणि हे कळकळीने सांगतो. कुठल्याही बुकिंगमध्ये पैसे कापले गेले आणि तिकीट आलं नाही तर गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधून फोन करायचा नाही. माझ्या ओळखीतल्या एका बाईंचं असंच झालं, बसचे सातशे अडकले होते, सर्चमध्ये वर आलेल्या नंबरवर फोन केला, समोरच्याने स्क्रीन शेअर करायला लावली आणि खातं रिकामं झालं. आधी अ‍ॅपमधली बुकिंग हिस्टरी बघायची, तिकीट नसेल तर बहुतेक वेळा पैसे काही दिवसांत आपोआप परत येतात. रेल्वेचं काही असेल तर १३९. फसवणूक झालीच तर एक मिनिट न घालवता १९३०ला फोन. आणि कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर रेल्वेचं, एसटीचं म्हणून एपीके फाइल (प्लेस्टोअरबाहेरून अ‍ॅप टाकायची फाइल) पाठवली तर उघडायचीसुद्धा नाही, अ‍ॅप फक्त प्लेस्टोअरवरून आणि खाली बनवणाऱ्याचं नाव वाचून.

सीवूड्स_भटका

नकाशाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. गुगल मॅप्स तर फोनमध्ये असतंच, त्यात मालवण आणि गोकर्णचा भाग ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा घरच्या वायफायवर. पण ऑफलाइन असताना ते गाडीचा रस्ता दाखवतं, चालत जायचा रस्ता किंवा बस दाखवत नाही. त्यासाठी ऑर्गॅनिक मॅप्स. फुकट, जाहिराती नाहीत, लॉगिन मागत नाही, ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा वापरतं आणि पूर्ण ऑफलाइन चालतं. जुन्या फोनवरही हलकं आहे. आम्ही सह्याद्रीत किल्ल्यांवर हेच वापरतो, पायवाटा, पाण्याची टाकी, देऊळ सगळं असतं त्यात. गोकर्णला तर त्याचा खरा उपयोग, गावातून कुडले बीच, तिथून ओम बीच अशी टेकडीवरून पायवाट आहे, माहिती असली तर रिक्षाचे पैसे वाचतात आणि वाटेत समुद्र दिसतो तो वेगळाच. ऊन चढायच्या आत निघा, सावली कमी आहे, आणि मावशींच्या गुडघ्याचा अंदाज घेऊन.

नेटवर्क गेलं तरी जीपीएस चालू असतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. नकाशा आधी उतरवलेला असेल तर निळा ठिपका दिसतोच.

कळवा_स्लो

+१ ऑर्गॅनिक मॅप्सला. ठाण्याच्या बाजूचं एक राहिलं, घरून स्टेशनपर्यंत. एम-इंडिकेटर असेलच, नसेल तर ठेव, लोकलचं टाइमटेबल ऑफलाइन असतं आणि रिक्षाचं मीटरचं भाडंही बघता येतं. फेब्रुवारी २०२५पासून रिक्षाचं किमान भाडं २६ आहे आपल्याकडे. परत येताना रात्री पनवेलला उतरलात तर ठाण्याकडची ट्रान्स-हार्बर लोकल कधी आहे ते गाडीतच बघून ठेवायचं, नाहीतर पनवेल ते ऐरोली रिक्षा-टॅक्सीचे पैसे म्हणजे मालवणातलं एक जेवण.

मुंबई वन म्हणून पण आलंय ऑक्टोबर २०२५मध्ये, लोकल, मेट्रो, बेस्ट, टीएमटी, एनएमएमटी सगळ्यांची तिकिटं एका ठिकाणी. आपल्या रोजच्या वापराला चांगलं आहे पण या ट्रिपला जागा कमी असेल तर नको.

घोडबंदर_रोड

एवढं सगळं कशाला पण? आम्ही लहानपणी वडिलांबरोबर सगळा कोकण फिरलो तेव्हा कुठे अ‍ॅप होती, विचारत विचारत जायचो, माणसं मदत करतात. निम्मा वेळ फोनमध्ये गेला तर फिरायचं कधी.

खोपट_स्टँड

@घोडबंदर_रोड विचारायला हवंच, मी नाही म्हणत नाही, वर ताईंनी तेच सांगितलंय स्टँडवर विचारा म्हणून. पण तेव्हा वडील होते बरोबर. इथे तिघी बायका जाताहेत, त्यातल्या दोघी साठीच्या पुढच्या, आणि नव्या गावात अंधार पडल्यावर कोणाला विचारायचं हा प्रश्न त्यांच्यासाठी तुमच्या-माझ्यापेक्षा वेगळा असतो. गाडी दोन तास लेट आहे हे आधी कळलं तर त्या घरूनच उशिरा निघतील, फलाटावर ताटकळणार नाहीत. फोन खिशातच राहतो हो, दिवसातून चार वेळा बघायचा.

घोडबंदर_रोड

हे पटलं. तिघींच्या दृष्टीने मी विचार केला नव्हता.

वाशी_सेक्टर१७

राहण्याचं. हॉटेल बुकिंगच्या अ‍ॅपवर कोकणातली घरगुती राहायची सोय कमी दिसते, आणि जी दिसते तिथे अ‍ॅपचं कमिशन भाड्यात मिसळलेलं असतं. मी असं करतो, गुगल मॅप्सवर मालवण उघडायचं, होमस्टे शोधायचं, रिव्ह्यू नवीन आधी असे लावायचे, लोकांनी टाकलेले फोटो बघायचे, मालकाने टाकलेले नाही, आणि मग तिथल्या नंबरवर सरळ फोन. मराठीत दोन मिनिटं बोललं की माणूस कसा आहे कळतं, जेवण घरचं मिळेल का, गरम पाणी आहे का, इंडियन आहे की कमोड, आई-मावशींसाठी हे विचाराच. फेब्रुवारीत सोमवार ते गुरुवार भाव खाली येतो, शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची गर्दी. शक्य असेल तर मालवणचे दिवस आठवड्याच्या मधले ठेवा, त्याने जे वाचेल ते कुठल्या अ‍ॅपने वाचणार नाही.

अ‍ॅडव्हान्स थोडाच द्या आणि आधी व्हिडिओ कॉलवर खोली दाखवायला सांगा. खरा मालक आनंदाने दाखवतो. तारकर्लीला एमटीडीसीचं आहे, त्यांच्या वेबसाइटवर भाव बघून ठेवा म्हणजे बाकीच्यांचा अंदाज येतो.

गोकर्णला देवळाच्या आसपास साधी लॉज आहेत, बीचवर राहण्यापेक्षा तुमच्यासाठी तेच बरं, जेवायची सोय पायाखाली. पण फेब्रुवारी म्हणताय तर महाशिवरात्र कधी आहे ते बघा आधी! गोकर्णला महाबळेश्वराची मोठी यात्रा असते, रथ असतो, खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर भाव विचारू नका. दर्शनासाठीच जात असाल तर खूप आधी बुक करा, नाहीतर ते दिवस टाळा.

ऐरोली_सेक्टर८

अरे देवा, महाशिवरात्र लक्षातच नव्हती. आईला विचारलं तर ती म्हणते मग तेव्हाच जाऊया. मावशी म्हणते गर्दीत मी येणार नाही. आता घरात त्यावर चर्चा चालू आहे.

गोव्यातून पुढे गोकर्णला जायचं कसं? आणि कन्नड येत नाही कोणाला.

सीवूड्स_भटका

कुडाळहून मडगाव रेल्वेने, मडगावहून मंगळुरूकडे जाणारी पॅसेंजर असते ती गोकर्ण रोडला थांबते, जनरलचं तिकीट, अगदी स्वस्त. रेलवनमध्ये नाहीतर व्हेअर इज माय ट्रेनमध्ये मडगाव ते गोकर्ण रोड टाकून त्या दिवशीच्या सगळ्या गाड्या बघा, मधला वेळ किती जातोय ते बघून कुडाळची गाडी ठरवा, उलट नको. गोकर्ण रोड स्टेशन गावापासून लांब आहे, उतरल्यावर इतर प्रवाशांबरोबर रिक्षा शेअर करा. चुकून पावसाळ्यात गेलात तर कोकण रेल्वेचं टाइमटेबलच वेगळं असतं, फेब्रुवारीत तो प्रश्न नाही.

कन्नडसाठी गुगल ट्रान्सलेटमध्ये कन्नड आणि मराठी दोन्ही घरूनच ऑफलाइन उतरवून ठेवा. गोकर्णमध्ये मराठी-कोंकणी समजणारे पुष्कळ भेटतात, हिंदीही चालतं. अडचण येते ती बसच्या पाटीची, बऱ्याच बसवर नुसतं कन्नड असतं, काही ठिकाणी आकडेसुद्धा कन्नडमधले. नेट असेल तर कॅमेरा धरून वाचता येतं. त्यापेक्षा गोकर्ण, कुमटा, अंकोला, कारवार एवढी चार नावं कन्नडमध्ये कशी दिसतात त्याचा एक फोटो गॅलरीत ठेवा, कंडक्टरला दाखवायलाही तोच कामी येतो.

जुईनगर_पूर्व

आणि डिजिलॉकर! ते विसरलंच सगळ्यांनी. रेल्वेत ओळखपत्र म्हणून डिजिलॉकरमधलं आधार किंवा लायसन्स चालतं, पण इश्यूड डॉक्युमेंट्समध्ये आलेलं असलं पाहिजे. आपण स्वतः फोटो काढून अपलोड केलेलं चालत नाही. बऱ्याच जणांकडे नेमकं तेच असतं. तरी आई-मावशींची आधार कार्डं ओरिजिनल बरोबर घ्याच, एसटीत कंडक्टरने वय विचारलं तर पटकन दाखवता येतं.

ऐरोली_सेक्टर८

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी समजावून सांगितलं नसतं. मी असं ठरवलंय, माझ्या फोनमध्ये रेलवन, व्हेअर इज माय ट्रेन, ऑर्गॅनिक मॅप्स, डिजिलॉकर आणि गुगल ट्रान्सलेट. एम-इंडिकेटर आधीपासून आहे. आईच्या फोनमध्ये पण व्हेअर इज माय ट्रेन आणि नकाशा, म्हणजे माझा फोन बंद पडला तरी हरकत नाही. यूपीआय लाइट आज चालू केलं, खरंच दोन मिनिटांत झालं काका. आयआरसीटीसीला आधार जोडायला घेतलंय पण आधारमध्ये माझं नाव आणि खात्यातलं नाव थोडं वेगळं आहे, वडिलांचं नाव एकात आहे एकात नाही, त्यामुळे जुळत नाही म्हणतंय. काय करू?

कळवा_स्लो

खात्याच्या प्रोफाइलमध्ये नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारवर जसं आहे तसंच लागतं. एडिट करून बघ, वडिलांच्या नावासकट, स्पेलिंग अक्षर न अक्षर तेच. तरी नाही झालं तर आईच्या नावाने नवीन खातं उघड, तिच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना तेवढं बघ, ओटीपी त्यावरच येतो. तत्काळलासुद्धा मग तेच खातं वापरता येईल. पण हे बुकिंग उघडायच्या आदल्या रात्री करत बसू नकोस, या शनिवारीच उरकून टाक.

ऐरोली_सेक्टर८

आईचा नंबर चालू आहे. करते. आणि महाशिवरात्रीचं ठरलं, यात्रा झाल्यावर तीन दिवसांनी गोकर्णला पोचायचं, मावशी जिंकली.